तंबाखूची तलफ: अंगातली किती, सवयीची किती, आणि सुटायचं कसं

बार्शीत मार्केट यार्डाच्या रस्त्याला माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला आडती, त्यामुळे गिऱ्हाईक बहुतेक हमाल, दिवाणजी, टेम्पोवाले आणि तालुक्याच्या गावांतून बाजाराला आलेली माणसं. आठवड्यातून दोघं-तिघं तरी काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारतात, "भाऊ, तंबाखू सोडायची गोळी असती का?" मी गोळी काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतो. सकाळी जाग आल्यापासून पहिली चिमूट तोंडात जायला किती वेळ लागतो? माणूस चमकतो. त्याला वाटत असतं की मी पुड्या मोजायला लावणार. पण दिवसाला पुड्या किती यापेक्षा ह्या एका उत्तरावरून जास्त कळतं. कसं, ते पुढं येईलच.

मी हे सांगतो ते पुस्तकातलं सांगत नाही. डी. फार्मसीला वसतिगृहात असताना एकोणिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा तंबाखू मळली आणि एक्केचाळिसाव्या वर्षी सोडली. मध्ये बावीस वर्षं गेली. औषधं शरीरात कशी शिरतात, कशी बाहेर पडतात, हे शिकलेला माणूस खालच्या ओठात चिमूट धरून लोकांना खोकल्याची औषधं देत होता, हे आठवलं की आजही वाईट वाटतं. तीन वेळा सोडली आणि तीन वेळा पुन्हा धरली. चौथ्यांदा सुटली, कारण तोवर एक गोष्ट माझ्या नीट लक्षात आली होती. आपण ज्याला तलफ म्हणतो त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक अंगातल्या निकोटिनची, म्हणजे तंबाखूतल्या सवय लावणाऱ्या द्रव्याची, दुसरी जागेची, माणसांची आणि हाताच्या सवयीची. पहिलीचा हिशेब मांडता येतो आणि ती ठरावीक दिवसांत संपते. दुसरी महिनोन् महिने गप्प बसून राहते. माणसं दुसरीला पहिली समजतात आणि "आपल्या रक्तातच भिनलीय, सुटायची नाही" म्हणून हात टेकतात.

सिगारेट सोडण्याबद्दल लिहिलेलं भरपूर सापडतं, पण ते आपल्याला पुरत नाही. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूची कुठली ना कुठली सवय होती. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के, काही जण दोन्ही करणारे. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी, चुन्याचा, मशेरीचा आणि माव्याचा जास्त. म्हणून मी त्याबद्दलच लिहितो.

चिमूट तोंडात गेल्यावर काय होतं

डाव्या तळव्यावर तंबाखू, तिच्यावर नखाने काढलेला हरभऱ्याच्या डाळीएवढा चुना, उजव्या अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून भुकटी उडवायची, चिमूट उचलून खालचा ओठ पुढं ओढून आत ठेवायची. हे करताना चुना नेमका कशाला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. चवीला, झणझणीला, असं उत्तर मिळतं. खरं काम वेगळंच असतं. निकोटिन हे अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं द्रव्य आहे. लाळ साधी असली की त्याचा बराच भाग भारित, म्हणजे विजेचा भार असलेल्या रूपात राहतो आणि तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेतून सहज आत जात नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी झाली की तेच निकोटिन भाररहित होतं आणि भराभर रक्तात उतरतं. चुना म्हणजे निकोटिनला दार उघडून देणारा माणूस. त्यात तो ओठाच्या आतली त्वचा भाजून काढतो, ते वेगळंच.

तोंडातून शोषलेलं निकोटिन थेट रक्तात जातं. पण जे लाळेबरोबर गिळलं जातं ते आतड्यातून आधी यकृतात पोचतं, आणि यकृत त्यातलं बरंचसं तिथल्या तिथं मोडून टाकतं. म्हणून निकोटिनची गिळायची गोळी मिळत नाही, चघळायची मिळते.

बिडी-सिगारेटमधलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि लवकर उतरतं. तंबाखूचं तसं नाही. ते सावकाश चढतं, साधारण अर्ध्या तासाने सगळ्यात वर जातं आणि बराच वेळ वरच रेंगाळतं. त्यामुळं तंबाखूवाल्याला आपण नशा करतो असं वाटतच नाही. "काय होतंय, नुसती तोंडात धरलीय" असं तो म्हणतो, आणि अंगात मात्र दिवसभर निकोटिनची पातळी टिकून असते.

आता उतरण्याचं. यकृतातला एक एन्झाइम, म्हणजे मोडतोडीचं काम करणारं प्रथिन, निकोटिनचा मोठा हिस्सा, साधारण ७० ते ८० टक्के, कोटिनिन नावाच्या पदार्थात बदलतो. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात. हे मी माझ्या आईला आण्यांत समजावलं होतं, तसंच सांगतो. रात्री दहाला शेवटची चिमूट थुंकली तेव्हा अंगात सोळा आणे निकोटिन होतं असं धरा. बाराला आठ आणे राहिलं. दोनला चार. चारला दोन. सकाळी सहाला एक आणा. हिशेब ढोबळ आहे, कुणाचं यकृत जलद काम करतं, कुणाचं हळू, ते बरंचसं जन्मजात ठरलेलं असतं. बायकांमध्ये हे काम सरासरीने पुरुषांपेक्षा जलद होतं आणि गरोदरपणात तर आणखी जलद. पण आण्यांचा क्रम हाच. सकाळी डोळा उघडतो तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो. ज्याला उठल्या उठल्या अर्ध्या तासाच्या आत चिमूट लागते, त्याचा मेंदू त्या रिकामपणाला टेकलेला असतो. म्हणून मी पहिला प्रश्न तो विचारतो.

दारूचं गणित वेगळं आहे, आणि गल्लत होते म्हणून सांगतो. दारू अशी निम्मी-निम्मी होत नाही. यकृत तिला ठरलेल्या गतीनं, तासाला ठरावीक ग्रॅमच मोडतं. एका लहान पेगाला साधारण तास, कधी त्याहून जास्त. चार पेग घेतले तर चार-पाच तास धरायचेच. ताक, लिंबू, कॉफी, थंड पाणी, कशानंही ती गती वाढत नाही.

कोटिनिन मात्र अंगात जास्त टिकतं. ते निम्मं व्हायला पंधरा-वीस तास लागतात. त्यामुळं सोडल्यावर दोन-तीन दिवस लघवीच्या तपासणीत ते दिसू शकतं. पण तलफ त्याच्यामुळं येत नाही. निकोटिन पहिल्या दिवसाअखेर अंगातून जवळजवळ गेलेलं असतं. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगतो, कारण "बावीस वर्षांची तंबाखू रक्तात साठलीय" असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. तसं काही साठत नाही.

मग पहिल्या दिवसानंतर त्रास कशाचा? मेंदूचा. निकोटिन मेंदूत ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागा वर्षानुवर्षांच्या सवयीनं वाढलेल्या असतात. रोज पंचवीस पाहुणे जेवायला येतात म्हणून घरात पंचवीस पाट मांडायची सवय लागावी, तसं. पाहुणे बंद झाले तरी पाट मांडलेलेच राहतात, आणि ती रिकामी पंगत म्हणजे ती चिडचिड, ती घालमेल. निकोटिन पाटावर बसलं की डोपामिन नावाचं रसायन सुटतं, बरं वाटतं, आणि मेंदू नोंद करतो की ह्या कामानं बरं वाटलं, पुन्हा कर. पाट उचलायला मेंदूला काही आठवडे लागतात. तेवढे आठवडे काढायचे असतात.

पहिले पंधरा दिवस

शेवटच्या चिमटीनंतर काही तासांत अस्वस्थपणा सुरू होतो. सगळ्यात वाईट दुसरा आणि तिसरा दिवस. पहिला आठवडा जड जातो, त्यानंतर दर आठवड्याला हलकं होत जातं आणि तीन-चार आठवड्यांत अंगाचा त्रास बहुतेक मावळतो. चिडचिड, झोप मोडणं, एका कामात लक्ष न लागणं, भूक वाढणं, तोंडाला पाणी सुटणं, हे सगळं ठरलेलं आहे. हा आजार नाही, आणि तंबाखू एकदम सोडल्यानं जिवाला धोका नसतो.

घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं, आणि तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर ओरडलो. तिला कारणच माहीत नव्हतं. चौथ्या वेळी मी तिला कॅलेंडरवर दहा दिवसांना खूण करून दिली आणि म्हणालो, एवढे दिवस माझं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तिने ते पाळलं. त्या दहा दिवसांत तिचे उपकार झाले माझ्यावर.

आता बद्धकोष्ठता. ह्याच्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही, आणि निम्मी माणसं इथंच परत फिरतात असं माझं काउंटरवरचं निरीक्षण आहे. निकोटिन आतड्यांना चाळवतं. वर्षानुवर्षं सकाळी चिमूट किंवा मशेरी आणि मग परसाकडं, अशी सांगड घातलेली असते. सोडल्यावर आतडी दोन-तीन आठवडे मंदावतात. माझी आई चाळीस वर्षं मशेरी लावत होती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, त्या वासानं सगळ्या घराला ठसका लागायचा, मग खलबत्त्यात कुटून पत्र्याच्या डबीत भरायची. पहाटे चुलीपाशी बसून बोटानं दातांना लावायची, अर्धा-अर्धा तास. आम्ही सोड म्हटलं की ती म्हणायची, "तिच्याबिगर पोट साफ होत न्हाई, मग दिवसभर डोकं धरतंय." ती बहाणा करत नव्हती. तिला जाणवत होतं ते खरंच होतं. तिच्या बाबतीत आम्ही उपाय पोटापासून सुरू केला. मशेरी बंद करायच्या आठवडाभर आधीपासून रात्री कोमट पाण्यातून दोन चमचे इसबगोल, सकाळी उठल्या उठल्या दोन तांबे कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि ज्वारीची भाकरी वाढवली. मग पहाटेची वेळ सोडून बाकीच्या तीन वेळा बंद केल्या. पहाटेची सगळ्यात शेवटी. चौसष्टाव्या वर्षी तिची मशेरी सुटली.

दिवस निवडताना सोयीचा निवडा. मुहूर्त बघू नका. माझ्या धंद्यात दिवाळीनंतरचा आठवडा शांत असतो, तो मी धरला. लग्नसराई, सुगी, ऊसतोड, मार्चअखेर, असल्या धामधुमीत सुरुवात करू नये. आदल्या रात्री घरातली, गाडीतली, दुकानाच्या गल्ल्यातली सगळी तंबाखू काढून टाका, आणि चुन्याची डबीसुद्धा. मी दोनदा डबी ठेवली होती, "चुना काय, पानाला लागतो" म्हणून. डबी हाताला लागली की अंगठा मळायला लागतो.

निकोटिन च्युइंगम, आणि ते खायचं कसं

ज्याला सकाळी अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागते त्याला नुसत्या निश्चयावर सोडायला लावणं मला पटत नाही. त्याला काही आठवडे थोडं, स्वच्छ निकोटिन देऊन पाट हळूहळू उचलावेत. च्युइंगम २ आणि ४ मिलीग्रॅममध्ये येतं. २चं चिठ्ठीशिवाय मिळतं, ४चं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं, आणि जास्त सवय असलेल्याला बहुधा ४चंच लागतं.

"भाऊ, तुमच्या त्या च्युइंगमनं काही झालं नाही, नुसती उचकी लागली," ही तक्रार घेऊन दहातले सात-आठ जण परत येतात. दर वेळी चूक तीच असते. ते साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावून खाल्लेलं असतं. तसं केलं की सगळं निकोटिन एकदम लाळेत येतं, गिळलं जातं, पोटात जळजळ होते, उचकी लागते, आणि यकृत बाकीचं मोडून टाकतं. मेंदूपर्यंत फार थोडं पोचतं. बरोबर रीत अशी. हळूहळू दहा-बारा वेळा चावा, जिभेला तिखट किंवा झिणझिण लागलं की थांबा. ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवा, जशी चिमूट ठेवत होता तशी. झिणझिण गेली की पुन्हा चार-सहा वेळा चावा, जागा बदलून पुन्हा ठेवा. असं अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्याला हे लवकर जमतं, कारण गालात धरायची कला त्याला येतेच.

आणि चहा. च्युइंगमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, सोडा, काही नको. आंबटपणानं लाळ आम्लधर्मी होते आणि निकोटिन पुन्हा भारित होऊन तोंडातच अडकतं. चुन्याचं जे काम सांगितलं त्याच्या बरोबर उलटं. मी दुकानात एका टेम्पोवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी महिनाभर पैसे चहात बुडवले." तसंच झालं होतं.

पहिले सहा आठवडे तासा-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद, हा सर्वसाधारण क्रम. दिवसाला चोवीसच्या वर कधीच नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, गरोदर बायकांनी, अल्सर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. माझ्याकडं कुणी चिठ्ठीशिवाय मागितली तर मी देत नाही.

दुसरी तलफ

सोडून पाच महिने झाले होते. च्युइंगमही बंद होऊन दोन महिने उलटले होते. अंगात निकोटिनचा कण नव्हता. मावशी गेली म्हणून गावी गेलो. सरण पेटल्यावर माणसं बाजूला झाडाखाली बसली. ऊन खाली आलेलं, कुणी फारसं बोलत नव्हतं. मामांनी चंची सोडली, मळायला घेतली. दोन थापांचा आवाज आला, चुन्याचा तो ओलसर वास आला, आणि मी खाली पाहिलं तर माझा डावा तळवा उघडा होऊन पुढं गेला होता. मी नेला नव्हता. मामांनी न बघता त्यावर चिमूट ठेवली. ती मी तोंडात घातली. पुढचा आठवडाभर घालत राहिलो.

तेव्हा मी स्वतःला फार दोष दिला. आता कळतं ते असं. मेंदूने बावीस वर्षं निकोटिनची नोंद एकट्याने केली नव्हती, सोबतच्या सगळ्या गोष्टींसकट केली होती. थापेचा आवाज, वास, मामांचा चेहरा, दुःख, झाडाखालची बैठक. यातलं काही समोर आलं की मेंदू आधीच पाट मांडायला घेतो. ही तलफ यकृताच्या हिशेबात बसत नाही, कारण तिचं कारण रक्तात नाहीच.

ह्याचा मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. व्हिएतनाम युद्धात बरेच सैनिक तिथं हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१मध्ये परत आलेल्यांचा संशोधक ली रॉबिन्स यांनी पाठपुरावा केला. तेव्हा दिसलं की घरी आल्यावर त्यांच्यातले फार थोडे पुन्हा त्या गर्तेत गेले. जिथं व्यसन लागलं ती जागा, ती माणसं, ती भीती मागं राहिली होती. आपली अडचण अशी की आपण जिथं खायला शिकलो तिथंच राहतो. तोच पार, तोच कट्टा, तेच मामा.

म्हणून सोडायच्या आधी सात दिवस एक काम करा. तंबाखू खातच राहा, पण खिशात कागदाचा तुकडा ठेवा आणि प्रत्येक चिमटीला चार शब्द लिहा: वेळ, जागा, सोबत कोण, हात काय करत होता. माझ्या कागदावर आलं ते हे. शटर वर केल्यावर. दहाच्या चहानंतर. दुपारी जेवून हात धुतल्यावर लगेच. कंपनीचा माणूस उधारीचं बिल घेऊन आल्यावर. रात्री गल्ला मोजताना. मोटारसायकल चालू करायच्या आधी. मला वाटायचं की मी दिवसभर सतत खातो. प्रत्यक्षात सहा जागा होत्या, बाकीच्या सगळ्या त्यांच्या पोटातल्या.

सहाही जागा टाळता येत नाहीत. शटर उघडावंच लागतं. पण प्रत्येक जागेतला एक तुकडा बदलता येतो. जेवण झाल्यावर मी अंगणातल्या खुर्चीवर बसायचो, तिथं बसणं बंद केलं. ताटावरून उठलो की दात घासायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालून यायचं. दहाचा चहा टपरीवर उभं राहून घेत होतो, तो दुकानात मागवून घ्यायला लागलो, दोन्ही हातांत पेला धरून. तंबाखूची पुडी शर्टाच्या डाव्या खिशात असायची, म्हणून सहा महिने खिसा नसलेले शर्ट घातले. हात खिशाकडं गेला की नुसतं कापड लागायचं. ह्या गोष्टी क्षुल्लक दिसतात, पण मला औषधाइतक्याच उपयोगी पडल्या.

तलफ आली की घड्याळ बघा. ती चढते, माथ्यावर येते आणि काही मिनिटांत उतरते. तिच्याशी झगडत बसू नका, तेवढी मिनिटं हातांना आणि पायांना काम द्या. तोंडाला भाजलेली बडीशेप, ओवा, जवस, लवंग, काहीही चालेल. सुपारी मात्र चालणार नाही. हे मी हात जोडून सांगतो. तंबाखू सोडली आणि सुपारी धरली, अशी माणसं मी रोज पाहतो, आणि त्यांना वाटतं आपण सुटलो. सुपारीत ॲरेकोलिन नावाचं द्रव्य असतं, तेही मेंदूला सवय लावतं. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखूशिवाय, कर्करोगकारक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे. तोंड उघडेनासं होतं तेही सुपारीमुळंच. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, मावा आणि सुगंधी सुपारी त्याच वाटेवरच्या.

देणारा माणूस बहुतेक वेळा मायेनं देत असतो. आपल्याकडं चंची पुढं करणं म्हणजे बसायला जागा देणं. त्याला दुखवायचं नसतं, म्हणून वाक्य आधीच ठरवून, मोठ्यानं म्हणून बघून ठेवा. माझं वाक्य, "मामा, सोडलीय. तुमच्यापाशी बसतो, फक्त ती नको." त्यांनी पहिल्या दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा मला बघून चंची स्वतःच मांडीखाली सरकवली.

चुकून एकदा खाल्लीच, तर त्या चिमटीनं सगळं वाया जात नाही. पाट एका दिवसात पुन्हा भरत नाहीत. माझं नुकसान स्मशानातल्या चिमटीनं झालं नाही, "आता गेलंच सगळं" म्हणून पुढचे सात दिवस खाल्ल्या त्यांनी झालं. त्याच संध्याकाळी कागदावर लिहा, जागा कोणती होती, सोबत कोण होतं. ती तुमची सातवी जागा.

तीन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत

बिडी-सिगारेट ओढणारे आणि दम्यासाठी थिओफिलीन घेणारे, किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापीन, ओलांझापीन घेणारे यांनी ओढणं सोडायच्या आधी डॉक्टरांना सांगावं. धुरातल्या घटकांमुळं यकृतातला एक एन्झाइम जास्त जोरानं काम करत असतो आणि ही औषधं लवकर मोडली जातात. ओढणं थांबलं की तो जोर ओसरतो, आणि तोच डोस अंगाला जास्त व्हायला लागतो. चहा-कॉफीतल्या कॅफिनचंही असंच होतं, म्हणून सिगारेट सोडल्यावर नेहमीच्या कपांनी छातीत धडधड होते, झोप उडते. ती तलफ नव्हे. कप कमी करा. नुसती तंबाखू खाणाऱ्यांना हे लागू नाही.

दुसरं. रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं दारू अशी एकट्यानं, घरात, एकदम सोडू नये. तंबाखूच्या उलट, तिथं दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीव जाऊ शकतो. त्याला दवाखान्यातच सोडवावी लागते. हात कापायला लागले, घाम फुटला, नसलेलं दिसायला लागलं, तर वाट बघू नका.

तिसरं. बोलायला कुणी नसेल तर तंबाखूच्या पुडीवरच एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. फोन फुकट लागतो. २०१८पासून तो प्रत्येक पुडीवर आहे, आणि पुडी रोज हातात घेऊनही मी तो वाचला नव्हता. शेवटची पुडी फेकायच्या आधी तो कापून ठेवा.

आणि आज घरी गेल्यावर आरशासमोर उभे राहा, मोबाइलची बॅटरी लावा. खालचा ओठ पुढं ओढून आत बघा, मग दोन्ही गाल, जीभ उचलून खालची बाजू. जिथं चिमूट ठेवता तिथं पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांहून जास्त दिवस न भरलेला फोड आहे का, गाठ लागते का. मग उभी तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जातात का बघा. यातलं काहीही दिसलं किंवा बोटं गेली नाहीत, तर माझ्याकडं औषध मागायला येऊ नका. आधी दातांच्या डॉक्टरांकडं जा, ह्याच आठवड्यात.